लॉगिन टिकत नाही? कुकी नेमकी कुठे अडते, हे शोधण्याची पद्धत

पासवर्ड बरोबर असतो, बटण दाबल्यावर पान पुढे सरकल्यासारखे वाटते आणि पुन्हा तोच लॉगिनचा फॉर्म समोर येतो. चूक झाल्याचा कोणताही संदेश दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज पुसून टाकतात. वापरणाऱ्याचे काम त्याने कधी कधी भागते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने मात्र तपासणीची सुरुवात तिथून कधीच करू नये, कारण बिघाडाचा सगळा पुरावा त्या कुकीजमध्येच असतो आणि तो पुसला गेला की तीच तक्रार दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा येते. एखाद्या संस्थेचे, प्रकाशनाचे किंवा लहान दुकानाचे संकेतस्थळ जे स्वतः सांभाळतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः वर्डप्रेस आणि पीएचपी यांची घेतली आहेत, कारण अशी बहुतेक स्थळे त्यांवरच चालतात. पद्धत मात्र कोणत्याही स्थळाला लागू पडते.

तपासणीचे चार प्रश्न

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली प्रत्येक विनंती स्वतंत्र असते; मागच्या विनंतीची आठवण सर्व्हरला आपोआप राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकीची कल्पना आणली. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखेच हे काम आहे: सर्व्हर लॉगिनच्या वेळी ब्राउझरला एक खूण देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर परत दाखवतो.

या देवाणघेवाणीत बिघाड चारच ठिकाणी होऊ शकतो, म्हणून प्रश्नही चारच आहेत. सर्व्हरने कुकी पाठवली का? ब्राउझरने ती ठेवून घेतली का? पुढच्या विनंतीबरोबर ब्राउझरने ती परत पाठवली का? आणि परत आलेली कुकी सर्व्हरने ओळखली का? हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि पहिल्याचे उत्तर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये. प्लगइन एकेक करून बंद करत बसण्यात जो वेळ जातो, त्याच्या कितीतरी कमी वेळात या क्रमाने दोष सापडतो.

तक्रार करणाऱ्याला काय विचारावे

तक्रार एकाच व्यक्तीची असेल तर दोष तिच्या ब्राउझरमध्ये असण्याची शक्यता अधिक. अनेकांची असेल तर तो बहुधा आपल्याकडे असतो. विचारायच्या गोष्टी तीन: पत्त्याच्या पट्टीत नेमका कोणता पत्ता दिसतो, ब्राउझर कोणता आहे, आणि दुवा कुठून उघडला. तिसरा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक यांच्या अॅपमधून उघडलेले पान त्या अॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याच्या कुकीज वेगळ्या असतात. त्यामुळे क्रोममध्ये लॉगिन केलेले असूनही तिथे ‘लॉगिन करा’ असेच दिसते. हा बिघाड नाही. दुवा क्रोममध्ये उघडायला सांगितले की प्रश्न संपतो.

यानंतर खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, लॉगिन करून पाहायला सांगावे. तिथे चालले तर जुनी कुकी किंवा एखादे एक्स्टेन्शन आड येत आहे असे समजावे. पुसायचेच झाले तर फक्त आपल्या स्थळाच्या कुकीज पुसायला सांगावे, सगळ्या नव्हे. त्या व्यक्तीची इतर सगळीकडची लॉगिन घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही. संगणकाची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हेही विचारून घ्यावे. जुन्या संगणकात मदरबोर्डावरचा सेल संपलेला असला की तारीख कित्येक वर्षे इकडेतिकडे जाते आणि मुदतीवर चालणाऱ्या सगळ्याच गोष्टी बिघडतात.

ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष पाहणे

क्रोममध्ये एफ १२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडावीत, नेटवर्क हा टॅब निवडावा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’ या चौकटीत खूण करावी. ही खूण केली नाही तर लॉगिननंतर पान बदलताच आधीच्या नोंदी नाहीशा होतात, आणि आपल्याला हवी असलेली नोंद नेमकी त्यांतच असते. आता लॉगिन करावे. यादीत लॉगिनच्या पत्त्याची एक पोस्ट विनंती (फॉर्मची माहिती पाठवणारी; नुसते पान मागणारी ती गेट) दिसेल आणि तिचा क्रमांक बहुधा ३०२ असेल, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पानाकडे पाठवले आहे. त्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराच्या आधी जाणाऱ्या सूचनांमध्ये, ‘सेट-कुकी’ अशी ओळ आहे का ते पाहावे. हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर.

त्याच ठिकाणी कुकीज नावाचा उपविभाग असतो. ब्राउझरने एखादी कुकी नाकारली असेल तर तिच्या ओळीत इशाऱ्याचे चिन्ह दिसते आणि त्यावर माउस नेला की नाकारण्याचे कारण वाक्यात लिहिलेले वाचता येते. इतकी उघड माहिती समोर असताना लोक अंदाज बांधत बसतात, याचे वाईट वाटते. हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. यादीतली पुढची विनंती, म्हणजे लॉगिननंतर उघडलेले पान, निवडून तिच्या रिक्वेस्ट हेडरमध्ये ‘कुकी’ ही ओळ आणि तीत आपल्या कुकीचे नाव आहे का ते पाहिले की तिसऱ्याचेही उत्तर मिळते. कुकी गेलेली आहे आणि तरीही सर्व्हर लॉगिनचे पान दाखवत आहे, असे असेल तर दोष चौथ्या टप्प्यात आहे. साठवलेल्या कुकीजची पूर्ण यादी क्रोममध्ये अॅप्लिकेशन टॅबमध्ये, तर फायरफॉक्समध्ये स्टोरेज टॅबमध्ये मिळते.

इथे एक खबरदारी घ्यायलाच हवी. लॉगिनच्या कुकीची किंमत पासवर्डाइतकीच असते. ती ज्याच्या हाती लागेल तो पासवर्डाशिवाय त्या खात्यात शिरू शकतो. म्हणून या टॅबचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नयेत आणि वापरणाऱ्यांकडून मागवूही नयेत. मागवणे भागच असेल तर कुकीची ‘व्हॅल्यू’ झाकून पाठवायला सांगावे आणि काम झाल्यावर त्या खात्याची सगळी सेशन्स (सर्व्हरवरच्या चालू लॉगिनच्या नोंदी) बंद करावीत.

सर्व्हरने कुकी पाठवलीच नसेल तर

कुकी हेडरमधून जाते आणि हेडर पानाच्या मजकुराआधी जावे लागते. मजकुराचे एक अक्षर जरी आधी गेले तरी पीएचपी कुकी पाठवू शकत नाही आणि हेडर आधीच गेले असल्याची सूचना देते. त्या सूचनेत मजकूर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीपासून सुरू झाला हेही लिहिलेले असते. नेहमीचे कारण म्हणजे एखाद्या फाइलच्या शेवटी, पीएचपीची बंद करणारी खूण संपल्यावर राहिलेली रिकामी ओळ. ती खूण फाइलच्या शेवटी लिहिणे बंधनकारक नाही. ती काढून टाकली की हा धोका उरत नाही.

मराठी स्थळांवर याचे आणखी एक रूप दिसते. थीमच्या फाइलमध्ये देवनागरी वाक्य घालण्यासाठी ती विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये उघडली जाते. मूळ पर्यायाने साठवली तर अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, म्हणून यूटीएफ-८ हा पर्याय निवडला जातो. २०१९च्या विंडोज १० सुधारणेपूर्वीचे नोटपॅड या पर्यायात फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण (बॉम) घालत असे. पडद्यावर काहीच दिसत नाही, देवनागरी छान उमटते आणि लॉगिन मात्र बंद पडते. चांगल्या संपादकात ती फाइल उघडून ‘बॉमशिवाय यूटीएफ-८’ असे साठवले की दोष जातो. स्थानिक संगणकावर हेच स्थळ व्यवस्थित चालत असेल तर गोंधळून जाऊ नये: तिथे पीएचपीचे आउटपुट बफरिंग चालू असते आणि ते मजकूर थोडा वेळ रोखून धरते, त्यामुळे दोष झाकला जातो. होस्टिंग बदलल्यावर लॉगिन बंद पडण्याचे हे एक खरे कारण आहे.

दुसरे मोठे कारण कॅश, म्हणजे पुन्हा देण्यासाठी साठवून ठेवलेली पानाची तयार प्रत, हे आहे. वर्डप्रेस लॉगिनचे पान दाखवताना एक चाचणीची कुकी देते आणि फॉर्म भरून आल्यावर ती परत आली का ते पाहते. लॉगिनचे पान कॅशमधून दिले गेले तर ही चाचणीची कुकी जातच नाही, आणि मग वर्डप्रेस ‘तुमच्या ब्राउझरने कुकीज अडवल्या आहेत’ अशा अर्थाचा संदेश दाखवते. ब्राउझरचा यात काहीच दोष नसतो. लॉगिनचे पान, प्रशासनाचा विभाग, ‘माझे खाते’ आणि खरेदीची पाने कॅशमधून वगळावीत. प्लगइनच्या कॅशमधूनच नव्हे, तर सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आणि होस्टिंगच्या कॅशमधूनही. याच्या उलटा प्रकार अधिक धोक्याचा आहे: ‘सेट-कुकी’सह आलेले उत्तर कॅशमध्ये साठले गेले तर एकाची कुकी दुसऱ्याला मिळते आणि लोकांना परक्याचे खाते उघडलेले दिसते. अशी एकही तक्रार आली तर आधी कॅश पूर्ण बंद करावी, सगळी सेशन्स रद्द करावीत आणि मगच कारण शोधावे.

ब्राउझरने कुकी नाकारली असेल तर

इथे कारण इशाऱ्यात लिहिलेले असते, म्हणून फार शोधावे लागत नाही. डोमेन न जुळणे हे पहिले कारण. स्थळ नव्या पत्त्यावर हलवले, पण वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये कुकीचे जुने डोमेन लिहिलेले राहिले, तर सर्व्हर परक्या पत्त्याची कुकी देऊ पाहतो आणि ब्राउझर ती फेकून देतो. तशी खास गरज नसेल तर ती ओळ काढून टाकणेच चांगले.

‘सिक्युअर’ हा गुणधर्म असलेली कुकी साध्या एचटीटीपी पानावरून स्वीकारली जात नाही. ‘सेमसाइट’ हा गुणधर्म दुसऱ्या स्थळावरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जावी की नाही हे ठरवतो; त्याची किंमत ‘नन’ (म्हणजे कधीही जावी) ठेवली आणि ‘सिक्युअर’ दिले नाही तर क्रोम कुकी नाकारतो. सुरक्षित पानावर ‘सिक्युअर’सह दिलेली कुकी असुरक्षित पानावरून त्याच नावाने बदलता येत नाही, म्हणून ज्या स्थळाचा अर्धा भाग अजून एचटीटीपीवर आहे तिथे विचित्र प्रकार घडतात. त्यावर एकच उपाय आहे: संपूर्ण स्थळ एचटीटीपीएसवर नेणे. आकाराचीही मर्यादा असते. नाव आणि किंमत मिळून सुमारे ४०९६ बाइटांपलीकडची कुकी ब्राउझर ठेवत नाही.

सीडीएन किंवा प्रॉक्सी (वापरणारा आणि मूळ सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर) यांच्या मागे असलेल्या स्थळांची अडचण वेगळी असते. वापरणारा एचटीटीपीएसने येतो, पण प्रॉक्सीपासून मूळ सर्व्हरपर्यंतचा टप्पा साध्या एचटीटीपीने होतो. सर्व्हरला वाटते की स्थळ असुरक्षित आहे, मग तो पुन्हा पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवत राहतो आणि लॉगिन गोल फिरत राहते. प्रॉक्सी मूळ प्रोटोकॉल एका हेडरमधून कळवत असते. तो हेडर वाचून विनंती सुरक्षित मानावी असे सर्व्हरला सांगावे, आणि शक्य असेल तर दुसऱ्या टप्प्यावरही प्रमाणपत्र बसवावे.

कुकी परत जात नसेल तर

सर्वांत साधे कारण पत्त्यातच असते. डोमेन न सांगता दिलेली कुकी फक्त त्याच नेमक्या पत्त्याला परत जाते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह असलेला पत्ता आणि त्याशिवायचा पत्ता कुकीच्या दृष्टीने वेगळे असतात. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये पत्त्याच्या दोन चौकटी आहेत. एकीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे आणि दुसरीत नाही, असे झाले की लॉगिन एका पत्त्यावर होते आणि पान दुसऱ्यावर उघडते. दोन्ही चौकटी अक्षरशः सारख्या कराव्यात आणि दुसऱ्या रूपाने येणाऱ्यांना सर्व्हरवरूनच कायमचे वळवावे.

आता भारतातल्या दुकानांना सर्वाधिक छळणारा प्रकार. ग्राहक लॉगिन करून खरेदी करतो, बँकेच्या पानावर ओटीपी भरतो, पैसे जातात आणि परत आल्यावर स्थळ त्याला ओळखत नाही. पैसे गेले आणि ऑर्डर दिसत नाही, म्हटल्यावर माणूस घाबरणारच. कारण असे आहे: फेब्रुवारी २०२०मध्ये आलेल्या क्रोम ८०पासून, ज्या कुकीवर ‘सेमसाइट’ लिहिलेले नाही ती ‘लॅक्स’ मानली जाऊ लागली. लॅक्स कुकी दुसऱ्या स्थळावरच्या दुव्यावरून आलेल्या साध्या भेटीबरोबर जाते, पण दुसऱ्या स्थळावरून पोस्ट पद्धतीने आलेल्या फॉर्मबरोबर जात नाही. आणि अनेक पेमेंट गेटवे ग्राहकाला परत पाठवताना नेमकी पोस्ट पद्धतच वापरतात.

हा दोष चाचणीत सापडत नाही, त्यालाही कारण आहे. ‘सेमसाइट’ न लिहिलेली कुकी दोन मिनिटांहून ताजी असेल तर क्रोम तिला अशा पोस्टबरोबर जाऊ देतो. स्थळ बांधणारा लॉगिन करून लगेच चाचणीची रक्कम भरतो, तेव्हा सगळे सुरळीत होते. खरा ग्राहक वस्तू निवडतो, पत्ता भरतो, ओटीपीची वाट पाहतो आणि दोन मिनिटे केव्हाच उलटून जातात. शिवाय ‘सेमसाइट’ न लिहिलेल्या कुकीच्या बाबतीत सगळे ब्राउझर सारखे वागत नाहीत, म्हणून एका ब्राउझरमध्ये चालते आणि दुसऱ्यात नाही असेही होते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कुकीशिवाय आलेली विनंती पाहून पीएचपी नवे सेशन सुरू करते आणि त्याच नावाची नवी कुकी देते. ती जुन्या कुकीच्या जागी बसते आणि ग्राहकाचे चांगले चाललेले सेशन कायमचे सुटते. म्हणून परतीच्या पत्त्यावर सेशन सुरूच करू नये. तिथे गेटवेची सही तपासावी, ऑर्डर क्रमांकावरून डेटाबेसमध्ये नोंद करावी आणि ग्राहकाला ३०३ने आपल्याच स्थळावरच्या ऑर्डरच्या पानाकडे वळवावे. ती पुढची भेट गेट पद्धतीची असल्यामुळे लॅक्स कुकी तिच्याबरोबर जाते आणि ग्राहक लॉगिन झालेलाच राहतो. पैसे मिळाल्याचा अंतिम पुरावा मात्र गेटवेकडून थेट सर्व्हरला येणारा संदेशच मानावा, कारण ग्राहकाने मधेच खिडकी बंद केली तर तो परत येणारच नाही. कुकीला ‘सेमसाइट नन’ करूनही हे काम होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो मार्ग मला पटत नाही. एका पत्त्याची सोय व्हावी म्हणून सबंध स्थळाची लॉगिन कुकी परक्या स्थळांवरून येणाऱ्या फॉर्मना उघडी करणे योग्य नाही.

आपले पान दुसऱ्या स्थळावर चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये, दाखवले जात असेल तर तिथली कुकी तिऱ्हाईत ठरते. सफारी मार्च २०२०पासून अशा कुकीज सरसकट अडवते आणि फायरफॉक्स जून २०२२पासून त्या प्रत्येक स्थळापुरत्या वेगळ्या ठेवतो. लॉगिन चौकटीत न ठेवता पूर्ण पानावर उघडणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

कुकी येते, पण सर्व्हर ओळखत नसेल तर

रिक्वेस्ट हेडरमध्ये एकाच नावाच्या दोन कुकीज आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे. एक मूळ डोमेनसाठी दिलेली जुनी आणि दुसरी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी दिलेली नवी, अशा दोन्ही एकदम जातात. कुकीबरोबर डोमेन जात नाही, म्हणून कोणती खरी हे सर्व्हरला कळत नाही आणि पीएचपी पहिली उचलते. ती जुनी निघाली की लॉगिन कितीही वेळा केले तरी टिकत नाही. ‘कुकीज पुसल्या की चालते’ या अनुभवामागे पुष्कळदा हेच असते. सर्व्हरवरून जुनी कुकी काढायची तर तिचे नाव, डोमेन आणि पाथ (स्थळाचा जो भाग तिला लागू असतो तो) हुबेहूब देऊन मागची तारीख घातलेली कुकी पाठवावी लागते. यांतले एकही न जुळले तर जुनी तशीच राहते. हे जमत नसेल तर लॉगिन कुकीचे नावच बदलावे. सगळ्यांना एकदा पुन्हा लॉगिन करावे लागते, पण घोळ मुळासकट जातो.

यानंतर सेशन साठवण्याची जागा पाहावी. डिस्क भरलेली असली किंवा सेशनच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसली तर कुकी बरोबर असते आणि तिच्यामागची नोंदच नसते. पीएचपीमध्ये सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, असते. मोठा अर्ज सावकाश भरणाऱ्याला ‘जतन करा’ दाबल्यावर बाहेर पडल्यासारखे होते ते यामुळे. लांबलचक अर्ज असलेल्या संस्थांनी ही मुदत आवर्जून वाढवावी, कारण तासभर बसून भरलेली माहिती जाणे हा वापरणाऱ्यावर खरोखर अन्याय आहे. स्थळ दोन सर्व्हरवर चालत असेल तर सेशन दोघांनाही दिसेल अशा सामाईक जागी, डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या जलद साठवणीत, ठेवावे. नाहीतर एक विनंती ओळखली जाते आणि पुढची नाही.

वर्डप्रेसच्या लॉगिन कुकीची सही कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्यांवर आधारलेली असते आणि तिच्या नावात स्थळाच्या पत्त्यावरून काढलेला भाग असतो. किल्ल्या बदलल्या, पत्ता बदलला किंवा त्या व्यक्तीने पासवर्ड बदलला की जुन्या कुकीज निकामी होतात, आणि तसे व्हायलाच हवे. एखादे सुरक्षा प्लगइन त्या किल्ल्या ठरावीक काळाने आपोआप बदलत नाही ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी

दुरुस्ती झाली की स्वच्छ प्रोफाइलमध्ये आणि ज्या ब्राउझरमध्ये तक्रार होती त्यातही तपासावे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, अशा चारही पत्त्यांवरून स्थळ उघडून शेवटी एकाच पत्त्यावर पोचतो ना ते पाहावे. पेमेंटची चाचणी करताना लॉगिननंतर पाच-दहा मिनिटे मुद्दाम थांबावे. लॉगिन कुकीवर ‘सिक्युअर’ आणि ‘एचटीटीपीओन्ली’ (पानावरच्या स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारा) हे दोन्ही गुणधर्म आहेत आणि ‘सेमसाइट’ स्पष्ट लिहिलेले आहे, याची अॅप्लिकेशन टॅबमध्ये खात्री करून घ्यावी. तपासणीच्या धांदलीत यांतला एखादा तात्पुरता काढलेला असेल तर तो पुन्हा लावल्याशिवाय काम संपले असे समजू नये. वर्डप्रेसमध्ये ‘मला लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण न करता केलेले लॉगिन ब्राउझर बंद होईपर्यंत आणि फार तर २ दिवस चालते, खूण केली तर १४ दिवस. त्यामुळे दोन दिवसांनी बाहेर पडल्याची तक्रार आली तर आधी त्या व्यक्तीने ती खूण केली होती का, हे विचारावे.